रक्ताला विचारायचे प्रश्न

॥ श्री ॥

पुणे,
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. भाचीस,


तुझा मेसेज मिळाला, रिपोर्टांचे फोटोही नीट पाहिले. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, आणि ऐकलेलं काळजीत लक्षातही राहत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव. डॉक्टरांकडे जाताना पर्समध्ये ठेव.

शाळेत आलेल्या आरोग्य तपासणीच्या पथकाने नातीच्या गळ्यावरची गाठ हेरली, याबद्दल आधी त्या पथकाचे आभार मान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत गलगंडही आहे, म्हणून ते डॉक्टर मुलांची मान बघतात. पोरीला पाणी गिळायला सांगितलं आणि गाठ वरखाली हलली, म्हणजे ती बहुधा थायरॉइडची, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पुढे तुमच्या सोनईतल्या डॉक्टरांनी टी३, टी४, टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करायला सांगितलं. ते सगळं नॉर्मल आलं. इथपर्यंत सगळं योग्य झालं.

घोळ झाला तो यानंतर. एकाने सांगितलं, टीएसएच नॉर्मल आहे म्हणजे काही नाही, सोडून द्या. दुसऱ्याने मोबाइलवर जाहिरात पाठवली, एका नळीभर रक्तात सगळे कॅन्सर ओळखणारं पॅकेज, घरी येऊन रक्त नेतात. आणि तू मला विचारलंस, ‘मावशी, रक्तातच कळणार असेल तर पोरीला गळ्यात सुई कशाला टोचायची?’

माझा सगळा जन्म पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेला. रक्तावर माझा विश्वास आहे आणि ते काय सांगू शकतं हेही मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट सांगते. मुलांच्या थायरॉइडमधली गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे आज कुठल्याही रक्ततपासणीने ठरत नाही. एका दुर्मीळ प्रकाराचा अपवाद आहे, तो पुढे सांगते. बाकी सगळ्या मुलांच्या बाबतीत उत्तर सोनोग्राफी आणि गाठीतून पेशी काढणारी सुईच देते.

आता हे वाचून धीर सोडू नकोस. मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी मोठ्यांपेक्षा कितीतरी कमी दिसतात. पण दिसल्या, तर त्यांत कॅन्सर निघण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, साधारण चारांत एक. म्हणूनच ‘सोडून द्या’ हा सल्ला चूक आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही बघ. चारांपैकी तीन मुलांच्या गाठी साध्या निघतात. आणि चौथ्या मुलालाही हा आजार सहसा जिवावर बेतत नाही. मुलांमधल्या थायरॉइडच्या कॅन्सरपैकी बहुतेक पॅपिलरी जातीचे असतात. तो मानेतल्या लसिका गाठींमध्ये लवकर पसरतो, काही मुलांच्या फुप्फुसांतही जातो, तरीही नीट उपचार मिळाले की मुलं बरी होतात, शिकतात, संसार करतात. १९८६ साली चेर्नोबिलला अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि ते दूध मुलांनी प्यायलं. त्या भागात तेव्हा अठरा वर्षांखालच्या असलेल्यांपैकी सहा हजारांहून जास्त जणांना २००५ सालापर्यंत थायरॉइडचा कॅन्सर झाला. त्यांतले दगावले पंधरा. इतक्या मोठ्या संकटातही उपचारांनी इतकी मुलं वाचली. हा आकडा तू लक्षात ठेव. रात्री झोप येणार नाही तेव्हा उपयोगी पडेल.

आता टीएसएचचं बघू. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप आहे. थायरॉइड कमी काम करायला लागली की तो वाढतो, जास्त करायला लागली की घटतो. म्हणजे टीएसएच फक्त कामाचा हिशोब देतो. गाठ एका कोपऱ्यात असते, बाकीची ग्रंथी आपलं काम चोख करत असते, त्यामुळे कॅन्सर असलेल्या बहुतेक मुलांचा टीएसएच अगदी नॉर्मल येतो. मग तो करायचा कशाला? कारण तो फार कमी आला, तर गाठ स्वतःच हार्मोन बनवत असल्याची शंका येते आणि तपासाची वाट बदलते, आधी थायरॉइडचा स्कॅन करतात. नातीचा टीएसएच नॉर्मल आला, म्हणजे तिची वाट सोनोग्राफीकडे जाते. या तपासणीचा उपयोग तेवढाच होता आणि तो झाला.

वयात येणाऱ्या मुलींमध्ये हाशिमोटो नावाचा थायरॉइडचा दाहही पुष्कळ दिसतो. त्यासाठी रक्तात टीपीओ अँटिबॉडी बघतात. त्या वाढलेल्या आल्या तर ‘चला, साधी सूज आहे’ म्हणून गाठ विसरायची नाही. दाह झालेल्या ग्रंथीतही वेगळी गाठ असू शकते. उलट एका प्रकारच्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये वेगळी गाठच नसते, सगळी ग्रंथी सुजलेली दिसते आणि सोनोग्राफीत बारीक चुनखडीसारखे ठिपके भरलेले दिसतात. अँटिबॉडी काहीही येवोत, सोनोग्राफी चुकवायची नाही ती याचसाठी.

दुसरं नाव तुझ्या त्या जाहिरातीत आहे, थायरोग्लोब्युलिन. ‘थायरॉइड कॅन्सर मार्कर’ असं त्याच्यापुढे छापलंय. हे प्रथिन थायरॉइडच्या पेशीच बनवतात, त्याच्यापासून पुढे हार्मोन तयार होतो. ते रक्तात मोजण्याची खात्रीची पद्धत १९७०च्या दशकात आली. पण ते निरोगी थायरॉइडही बनवते, गलगंडातही वाढतं, दाहातही वाढतं, साधी गाठ मोठी असली तरी वाढतं. तुमच्या साखर कारखान्याचं उदाहरण घे. धुराड्यातून धूर निघतोय, यावरून कारखाना चालू आहे एवढंच कळतं. आत कुठल्या एका यंत्रात बिघाड आहे, ते धुरावरून सांगता येत नाही. ऑपरेशनआधीचं थायरोग्लोब्युलिन तसंच आहे. ते जास्त आलं म्हणून कॅन्सर म्हणता येत नाही आणि कमी आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

मात्र उद्या सगळी ग्रंथी काढावी लागली, तर याच तपासणीला मोठी किंमत येते. कारखानाच उतरवला आणि तरीही धूर दिसायला लागला, तर कुठेतरी काहीतरी पेटलेलं आहे. थायरॉइडच्या सगळ्या पेशी गेल्यावर थायरोग्लोब्युलिन जवळजवळ शून्यावर यायला हवं. ते तसंच खाली राहिलं तर आनंद, वाढत गेलं तर शोध घ्यायचा. मुलांच्या पुढच्या वर्षानुवर्षांच्या देखरेखीत हा मार्कर डॉक्टरांचा खरा सोबती असतो.

तपासणी तीच, रक्त तेच. पण कधी आणि कोणता प्रश्न विचारला यावर तिची किंमत ठरते. माझ्या सगळ्या सांगण्याचं सार एवढंच आहे. कोणी कुठलीही तपासणी सुचवली की एक गोष्ट विचार: ‘हिचा निकाल असा आला तर आपण काय करणार आणि तसा आला तर काय करणार?’ दोन्ही वेळा पुढचं पाऊल एकच असेल, तर ती तपासणी आत्ता नको. ते पॅकेज या कसोटीवर लावून बघ. त्यातले सीईए, सीए-१२५, सीए १९-९ हे मार्कर मोठ्या माणसांच्या आतड्याच्या, अंडाशयाच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उपचारात वापरतात. बारा वर्षांच्या मुलीच्या थायरॉइडमधली गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे ते ठरवू शकत नाहीत. सगळं नॉर्मल आलं तरी सोनोग्राफी करावीच लागेल. एखादा आकडा जरा वर गेला तर तू महिनाभर भलत्याच दिशेने धावशील, आणि सोनोग्राफी तरीही करावीच लागेल.

‘मग अशा मार्करची तपासणी सगळ्याच मुलांची करून टाकली तर काय बिघडलं?’ असं जावईबापूंनी विचारलंय. प्रश्न चांगला आहे, म्हणून हिशोब मांडते. धरा, एक लाख मुलांमध्ये एका मुलाला हा आजार आहे. आणि धरा, आपल्याकडे अशी उत्तम तपासणी आहे की तिच्यातून आजारी मूल सुटत नाही आणि निरोगी मुलांच्या बाबतीत ती शंभरात फक्त पाच वेळा चुकते. एक लाख मुलं तपासली तर ते एक मूल सापडेल, आणि त्याच्याबरोबर जवळपास पाच हजार निरोगी मुलांवर कॅन्सरचा संशय येईल. पाच हजार घरांत आज तुमच्या घरात आहे तशी रात्र येईल. जपानमध्ये २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तिथल्या सुमारे तीन लाख मुलांच्या मानेची सोनोग्राफी पहिल्याच फेरीत केली. शंभराहून अधिक मुलांमध्ये कॅन्सर किंवा त्याचा संशय निघाला आणि देश हादरला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्साराविषयीच्या वैज्ञानिक समितीने निष्कर्ष काढला की हे वाढलेले आकडे किरणोत्सारापेक्षा अशा बारीक तपासणीमुळे दिसत असावेत. त्यातल्या काही गाठी कदाचित आयुष्यभर तशाच निपचित पडून राहिल्या असत्या. म्हणून ज्या मुलाला काही त्रास नाही, गाठ नाही, घराण्यात इतिहास नाही, त्याचा शोध घेत बसायचं नसतं. आपल्या नातीची गोष्ट वेगळी आहे. तिला हाताला लागणारी गाठ आहे. तिचा तपास व्हायलाच हवा, आणि तो योग्य क्रमाने व्हायला हवा.

आता तो अपवाद. थायरॉइडमध्ये सी पेशी नावाच्या वेगळ्या पेशी थोड्याशा असतात. त्या कॅल्सिटोनिन नावाचा हार्मोन बनवतात. त्यांच्यापासून होणाऱ्या कॅन्सरला मेड्युलरी कॅन्सर म्हणतात. मुलांमध्ये तो फार क्वचित होतो, आणि झाला तर बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेल्या रेट नावाच्या जनुकातल्या दोषामुळे होतो. १९९३ साली हे नातं उलगडलं आणि या आजाराचं सगळं चित्र बदललं. इथे रक्त खरोखर बोलतं. कॅल्सिटोनिन वाढलेलं आलं तर संशय बळावतो. आणि ज्या घराण्यात हा दोष आहे, तिथल्या लहान मुलाच्या रक्तातून जनुक तपासून, गाठ यायच्या आधीच, पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगता येतं. दोष कुठल्या जागी आहे ते बघून डॉक्टर ठरवतात की थायरॉइड कोणत्या वयात काढून टाकायची. काही दोषांत पहिल्याच वर्षी, काहींत पाच वर्षांच्या आत. ज्या मुलाच्या अंगात हा दोष उतरलेला नाही, त्याची या भीतीतून कायमची सुटका होते.

म्हणून तुला एक घरचं काम देते, आणि ते कुठल्याही पॅकेजपेक्षा मोलाचं आहे. माहेरच्या आणि सासरच्या, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून विचार. कुणाच्या गळ्यावर गाठ होती का? थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं का? तरुण वयात ब्लडप्रेशर एकदम चढून, घाम फुटून, छाती धडधडून कुणी अचानक गेलं का? मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीची गाठ कुणाला होती का? नातीच्या जिभेवर किंवा ओठांवर बारीक बारीक गाठी आहेत का, तेही बघ. आणि तिला लहानपणी कुठल्या आजारासाठी मानेला किंवा छातीला किरणं दिली होती का, हेही लिहून ठेव, कारण त्यानेही धोका वाढतो. आपल्याकडे तरुण वयातले अचानक मृत्यू ‘हार्टफेल झाला’ एवढ्यावर मिटतात, म्हणून नीट खोदून विचार. सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर उत्तमच. एखादं ‘हो’ आलं तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग, मग ते कॅल्सिटोनिन करायचं का ते ठरवतील.

आता पुढचा क्रम सांगते. घोडेगावला हायवेवर येऊन नगरला जा आणि चांगल्या रेडिऑलॉजिस्टकडून मानेची सोनोग्राफी करून घे. नुसती थायरॉइडची नको, मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका गाठीही बघायला सांग. मुलांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. रिपोर्टमध्ये गाठ किती सेंटिमीटरची एवढंच वाचू नकोस. ती भरीव आहे की पाण्याची, कडा सरळ आहेत की वेड्यावाकड्या, आत बारीक ठिपके आहेत का, यावर डॉक्टर जास्त भर देतात. मुलांची ग्रंथीच लहान असते, त्यामुळे ‘एक सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, चालेल’ हा मोठ्यांचा नियम त्यांना लागू पडत नाही.

सोनोग्राफीत संशय वाटला तर सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. मुलांमध्ये ती सोनोग्राफीत बघतच करायला हवी, अंदाजाने नको. सुई रक्त काढायच्या सुईसारखीच, बहुधा तिच्याहून बारीक. काही सेकंदांचं काम असतं. गळा सुन्न करतात. पोर फारच घाबरली तर थोडं झोपेचं औषध देऊनही करता येतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या की सुई लावली की कॅन्सर पसरतो. त्यांना माझ्यातर्फे सांग, मी असंख्य स्लाइड तपासल्या आहेत. थायरॉइडच्या बारीक सुईने असं होणं इतकं विरळ आहे की त्या भीतीपायी तपासणी टाळण्यात शहाणपण नाही. सुई टाळली तर मात्र गाठ वाढायला वेळ मिळतो, हे नक्की.

सुईच्या रिपोर्टवर बेथेस्डा असा शब्द आणि एक ते सहा यांतला आकडा असेल. एक म्हणजे नमुना पुरेसा आला नाही, पुन्हा घ्या. दोन म्हणजे साधी गाठ, नजर ठेवा. सहा म्हणजे कॅन्सर. पाच म्हणजे दाट संशय. तीन आणि चार हे मधले. तिथे मोठ्यांच्या बाबतीत डॉक्टर कधी कधी थांबतात किंवा पुन्हा सुई घेतात, पण मुलांमध्ये धोका जास्त असल्याने अनेकदा ग्रंथीची ती एक बाजू काढायचा सल्ला देतात. तसं सांगितलं तर गोंधळून जाऊ नकोस. स्लाइड आपल्या ताब्यात माग आणि शक्य झालं तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही दाखव. तसा तुझा हक्कच आहे, कुणाला त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

ऑपरेशनची वेळ आली तर सर्जन निवडताना एकच प्रश्न विचार: ‘तुम्ही थायरॉइडची ऑपरेशनं वर्षभर नियमित करता का, आणि मुलांची केली आहेत का?’ या ग्रंथीला आवाजाची नस चिकटून जाते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी तिच्या पाठीशी असतात. सराव असलेल्या हाताने या दोन्ही गोष्टी वाचतात. ऑपरेशननंतर रक्तात कॅल्शियम बघतात. पोरीने ओठांना किंवा बोटांना मुंग्या येतात असं सांगितलं तर लगेच नर्सला सांगायचं.

परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून उभं आहे. त्याच्या परिसरातच १९६३ साली आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. ज्यांना ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन लागतं, अशा थायरॉइडच्या रुग्णांवर तिथे सहा दशकं उपचार होत आहेत. त्यांत मुलंही असतात. या उपचाराचं तत्त्व साधं आहे. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, त्या आयोडीनमधूनच उपचार पोचवायचा. सगळ्याच मुलांना तो लागत नाही. कुणाला द्यायचा ते आजार किती पसरलाय त्यावर ठरतं. गावाकडच्या माणसाला मुंबई लांब वाटते, पण हा पर्याय आपल्याच राज्यात आहे, हे मनाशी असू दे.

पैशांची काळजी तुझ्या मेसेजमध्ये शब्दांत नव्हती, पण मला दिसली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव. हॉस्पिटलमध्ये शिरलं की आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठ आणि हे हॉस्पिटल योजनेत आहे का ते विचार. पॅकेजवर उधळणार होतीस ते पैसे सोनोग्राफीला आणि येण्याजाण्याला ठेव.

पुढे कधी थायरोग्लोब्युलिन करायची वेळ आली, तर तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने कर, कारण दोन लॅबच्या आकड्यांची तुलना होत नाही. दोन, त्याच रक्तात थायरोग्लोब्युलिनच्या अँटिबॉडीही करायला सांग. थायरॉइड कॅन्सरच्या साधारण चार-पाच रुग्णांत एकाच्या रक्तात त्या असतात, आणि असल्या की मार्करचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. तीन, एका आकड्यावर हसायचं नाही की रडायचं नाही, वर्षावर्षांचा कल बघायचा.

तू विचारलंस, नवीन काही येतंय का? येतंय. गाठीतून रक्तात गळणाऱ्या डीएनएचे तुकडे, मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू यांवर जगभर काम चालू आहे. पण त्यातलं बरंचसं मोठ्यांच्या रक्तावर झालंय. मोठ्यांच्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये बीरॅफ जनुकातला बदल जास्त दिसतो. मुलांमध्ये रेट किंवा एनट्रॅक जनुकं दुसऱ्या जनुकाला जोडली जाण्याचे प्रकार तुलनेने जास्त आढळतात. त्यामुळे मोठ्यांसाठी बनवलेली तपासणी मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही. काढलेल्या गाठीत हे बदल शोधण्याचा मात्र आजच उपयोग होतो, आजार हट्टी निघाला तर त्या बदलावर नेम धरणारी औषधं आहेत. रक्तातून निदान करणारी खात्रीची तपासणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त आनंद होईल. तोवर संशोधनातली गोष्ट जाहिरातीत बघून पोरीवर लावायची नाही.

आता घरातलं. नात बारा वर्षांची आहे, तिच्यापासून लपवू नकोस. दाराआडची कुजबुज मुलांना खऱ्या गोष्टीपेक्षा जास्त घाबरवते. तिला सांग, ‘गळ्यात गाठ आहे, ती कसली ते बघायचं आहे, आणि मी सगळा वेळ तुझ्याबरोबर आहे.’ गाठ विरघळवणारा लेप, काढा, कुणाची पुडी, काही देऊ नकोस. पोटात जाणारं काहीही असेल तर डॉक्टरांना सांग. शिंगणापूर जवळच आहे, शनिदेवाला तेल वाहायला जरूर जा, मन शांत होईल. पण नवस फेडल्यावर मग तपासणी, असा क्रम ठेवू नका.

आणि सासूबाईंनी पोरीच्या लग्नाचा विषय काढला, तो मला फार लागला. गळ्यावरचा व्रण मानेच्या घडीत असतो, काही वर्षांत फिका पडतो. थायरॉइड काढलेल्या मुली सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतात, त्यांना मुलंबाळं होतात, सगळं होतं. मुलीच्या गळ्यावर एक रेघ नको म्हणून तिचा तपास पुढे ढकलणं हा अन्याय आहे. मुलगा असता तर हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. हे मी रागाने लिहीत नाही, पण त्यांना हे वाक्य नक्की वाचून दाखव.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लाव. सोनोग्राफीची वेळ याच आठवड्यातली घे. मला कळव, मी येते. निकाल काहीही आला तरी त्याच्यापुढे आपल्याला वाट आहे, हे विसरू नकोस. आणि गावातल्या इतर आयांनाही सांग: मुलांच्या गळ्यावर गाठ दिसली तर रक्ताच्या नॉर्मल रिपोर्टवर गप्प बसू नका, मानेची सोनोग्राफी करून घ्या.

जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझी,
मावशी

ता. क. नात केसांसाठी गोळ्या किंवा त्या गोड चॉकलेटसारख्या वड्या खाते का, ते बघ. त्यांत अनेकदा बायोटिन असतं. अनेक यंत्रांवर त्याच्यामुळे टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येतं. पुढच्या वेळी रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेव, आणि लॅबमध्ये तसं सांग.